वेदीवरचा ङे

दा नांग
१६ जानेवारी २०२४

चि. लुआ हिस,
अ. उ. आ. ('अनेक' हा शब्द रूढीपुरता. या वेळी आशीर्वाद मोजून धाडतो आहे.)

वि. वि. टपालाने लिहितो, कारण फोनवर तू ओरडतेस, मी खोकतो आणि तिसऱ्या मिनिटाला दोघांपैकी कोणीतरी फोन ठेवतं. पत्र ठेवलं तरी मजकूर उरतो.

काल संग्रहालयात तिकीटखिडकीवरच्या लाय बाईंनी मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं आणि, हा तुमच्या घरच्या पितरांच्या वेदीवरचाच ना, असं विचारलं. चित्रात एक कीबोर्ड होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या बटणावर, आपला ङे बसला होता. अर्धा कुत्रा, अर्धा सिंह, जबडा कानापर्यंत फाकलेला, शेपटीला सात भोवरे. बाबांनी शेवटच्या दिवसांत फणसाच्या लाकडात कोरलेला, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्या फोटोशेजारी बसून माझ्या उदबत्त्यांचा धूर खाणारा. फरक इतकाच, की हा नखाएवढा आणि हिरवट राळेचा होता, अन् खाली तुझं नाव होतं.

संस्कृत वर्णमालेतला ङ हा मोठा दुर्दैवी वर्ण. शब्दाच्या आरंभी त्याला कधी कोणी बसू देत नाही. आपल्या भाषेने दया येऊन या प्राण्याच्या नावात त्याला पहिलं आसन दिलं. तू ते काढून घेतलंस आणि त्याला बटणावर बसवलंस. आता जगात कुठेही कोणाला पळ काढायचा असला, की तो आपल्या घराच्या राखणदाराच्या डोक्यात बोट मारणार!

गेल्या पुण्यतिथीला तू वेदीपाशी फार वेळ रेंगाळत होतीस. मी त्याला भक्ती समजलो. साचा काढत होतीस हे आता कळलं. मी संग्रहालयात ज्यांचे शिलालेख वाचतो ते राजे देवळाच्या वस्तू उचलणाऱ्याला कुळासकट नरकात धाडतात. तुझं कुळ म्हणजे मीच असल्यामुळे मी ते शापवचन तूर्त वापरत नाही.

तेव्हा तुझ्या त्या बटणांच्या टोप्या विकणं ताबडतोब बंद कर. नाहीतर २१ मार्चला पुण्यतिथीच्या जेवणाला येऊ नकोस. तसंही तुझ्या डावखुऱ्या कोपरामुळे शेजारच्याची वाटी सांडते, आणि थोरल्या मामी गेली दोन वर्षं तुझ्या बाजूला बसायला नकार देत आहेत.

लोभ होता. त्याची चौकशी चालू आहे.
तुझा दादा,
किएम

*

गो वाप, सायगॉन
२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार सवयीने घातला आहे, गैरसमज नसावा.)

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा तू शेवटी काही चांगलं लिहिलं आहेस का ते पाहायला. नव्हतं.

आपल्याकडे भावंडं मोजताना थोरल्यालाही 'दोन' म्हणतात आणि 'एक'ची जागा रिकामी ठेवतात. तू जन्मल्यापासून दोन्ही जागांवर बसून आहेस. म्हणून ऐकून घे.

वेदीवरच्या ङेला मी साच्यासाठी बोटही लावलेलं नाही. माझा ङे मी मातीत घडवला आहे. भिंगाखाली, सुईने, आयाळीचा एकेक केस ओढत, पाच महिने. तीनदा मोडला. मग सिलिकॉनचा साचा. मग रेझिन थेंबाथेंबाने रंगवून ओतायचं आणि दाबाच्या भांड्यात ठेवायचं, म्हणजे बुडबुडे मरतात. तरी दहातले चार फेकावे लागतात, कारण बुडबुडा नेमका नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. तू ज्याला टोप्या म्हणतोस त्यांच्यासाठी सोल, हॅम्बर्ग, टोरांटो इथल्या सहाशे जणांनी सोडतीत नाव घातलं आहे. नग आहेत चाळीस. तुझ्या शिलालेखावरच्या निबंधासाठी कधी सोडत काढावी लागली असेल तर कळव.

इतकी वर्षं तू हेच वाचतो आहेस, की अमुक राजाने तमुक देवळाला गाई दिल्या आणि त्या गाई नेणाऱ्याचं वाटोळं होवो. गाई गेल्या, देऊळ पडलं, राजाही मेला. वाटोळं होवो एवढंच उरलं, ते तू उचललंस.

आणि डोक्यात बोट मारण्याबद्दल. ही माणसं दिवसभर त्याच्यावरून बोट फिरवतात, जपतात, मखमलीच्या डबीत ठेवतात. माझ्या नऊ वर्षांच्या धंद्यात माझ्या कुठल्याच कीकॅपवर कोणी रागाने बोट मारल्याचं ऐकलेलं नाही. राग सगळा आपल्या घरीच असतो.

दोन्ही ङे सारखे का दिसतात ते तुला सांगायची माझी इच्छा नाही. सोडत परवा आहे आणि ती होणार. मामींना सांग, कोपर आवरते. जीभ आवरणार नाही.

राग कमी झाला तर लोभ पाठव, नाहीतर नुसती पोच दे.
लुआ

*

दा नांग
३ फेब्रुवारी

चि. लुआ हिस,
आ. (एक.)

वि. वि. तू म्हणतेस सोडत होणार, आणि ती झाली. तेव्हा जे करणं मला भाग पडलं ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवतो.

लाय बाईंनी मला तुझ्या गिऱ्हाइकांच्या गटात शिरवून दिलं. तिथे कोणालाही लिहिता येतं, हे मला मुळातच गैर वाटतं, पण त्याचा लाभ घेतला. दोनच ओळी लिहिल्या. हा ङे आमच्या दिवंगत वडिलांच्या कामावरून उतरवलेला आहे, आणि मूळ काम माझ्या घरी वेदीवर आहे. सोबत फोटो जोडला, समोरून आणि बाजूने. एकही विशेषण वापरलं नाही.

मातीचं, सुईचं, पाच महिन्यांचं तू लिहिलंस ते मी वाचलं. पण हात ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्या चौदा ओळींच्या शिलालेखात नवव्या ओळीपासून कोरणारा बदलला आणि तो नवा कारागीर डावखुरा होता, हे दीडशे वर्षं तो लेख अभ्यासणाऱ्या कोणाला कळलं नव्हतं, ते टाकीच्या तिरकसपणावरून मी दाखवलं. त्या वर्षी तेतला, नववर्षाच्या जेवणात, मी ते दोन तास समजावून सांगितल्याचं तुला आठवत असेल. तू झोपली होतीस. बाबांचा हात तर मी डोळे मिटूनही ओळखेन. तुझ्या टोपीवर तोच हात आहे, केसाचाही फरक नाही. इतकं हुबेहूब साच्याशिवाय येत नाही.

तेतच्या शुभेच्छा. रूढीपुरत्या.

लोभाची चौकशी संपली. निकाल तुझ्या विरुद्ध.
किएम

*

गो वाप, सायगॉन
१९ फेब्रुवारी

दादास,
(नमस्कार नाही.)

तुझ्या दोन ओळींनी काय केलं ते ऐक. आमच्या धंद्यात बुडबुडा चालतो, उशीर चालतो, रंग फसलेलाही चालतो. दुसऱ्याच्या घडणीवरून आपली वस्तू उतरवणं तेवढं चालत नाही. ते ज्याच्या नावाला चिकटलं तो बाजारातून उठतो, आणि पुन्हा कोणी त्याचं नाव सोडतीच्या यादीत घेत नाही. चाळीसांपैकी बावीस जणांनी नग नको म्हणून कळवलं. हॅम्बर्गच्या एकाने, सहा वर्षांचं गिऱ्हाईक, मला चोर म्हणण्याआधी माफी मागितली आणि मग म्हटलं. गटाचे चालक म्हणतात, ५ मार्चपर्यंत खुलासा करा, नाहीतर नाव कायमचं काढून टाकू. मी मातीचे फोटो दाखवले, पाचही महिन्यांचे. ते म्हणतात, माती तुमची, पण आकार वडिलांचा, हे तुमचा सख्खा भाऊच सांगतो आहे. तेत मी कुलूप लावून काढला. सणाच्या चिकट भाताचा, बान् तेतचा, एक तुकडाही खाल्ला नाही.

म्हणून आता सांगते. बाबांना दिलेला शब्द मोडते आहे, आणि तो तू मोडायला लावलास.

तू पाँडिचेरीला संस्कृत व्याकरण घोकत होतास तेव्हा बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला. शेवटची तीन वर्षं त्यांना पटाशीचं टोक दिसत नव्हतं. कामं मात्र येत होती, आणि लोकांना आपल्या किम बोंग गावच्या म्हाताऱ्याचाच हात हवा होता. मग मी कोरायची आणि ते शेजारी बसून अंगठ्याने चाचपायचे. इथे खोल, इथे पुरे, इथे माती खाल्लीस. सगळी तीन वर्षं. तो ङेही मीच कोरला. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, की हे कोणाला कळू द्यायचं नाही, दादाला तर मुळीच नाही, कारण तो ते लिहून ठेवेल.

तू अंत्यविधीला आलास, कामाच्या बाकावरचा ङे उचललास, छातीशी धरून रडलास आणि वेदीवर ठेवलास. त्या वेळी मी काय बोलणार होते? नंतर दर वर्षी बोलणं आणखी अवघड होत गेलं. अकरा वर्षं तू जित्या बहिणीला उदबत्ती लावतो आहेस. माझी पाठ उगाच दुखत नाही.

माझा कीकॅप त्या ङेसारखा आहे, कारण माझ्या हाताला दुसरा ङे येतच नाही.

खोटं वाटत असेल तर तुझं भिंग काढ आणि आयाळीकडे बघ. पटाशी कुठल्या बाजूने शिरली आहे ते पाहा. त्या दोन तासांत मी झोपले नव्हते. डोळे मिटून बसले होते, घाबरून, की आता तू मान वळवशील आणि वेदीकडे बघशील. तू नवव्या ओळीतच रमलास.

गटाला हे मी सांगणार नाही. बाबा दुसऱ्याचं काम आपलं म्हणून विकत होते, हे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. माझं नाव गेलं तर जाऊ दे. कोणी घालवलं ते तुला माहीत असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

लोभ नको. उत्तरही नको.
लुआ

*

दा नांग
१ मार्च

चि. लुआ हिस,
अ. उ. आ. (या वेळी मोजलेले नाहीत.)

वि. वि. उत्तर नको म्हणालीस तरी देतो आहे. मी तुझं ऐकतो असा समज उगाच पसरायला नको.

पत्र आलं त्या दिवशी मी ते खोटं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अतिशय खोटं ठरवलं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या फोटोची परवानगी मागून ङे खाली घेतला, खिडकीत बसलो आणि भिंग लावलं. आयाळीचा प्रत्येक केस डावीकडून कापलेला आहे. शेपटीचे सातही भोवरे डावीकडून. कानाच्या आत, जिथे कोणी पाहणार नाही, तिथेही डावीकडून. हजार वर्षांपूर्वीचा अनोळखी डावखुरा मी ओळखला. माझ्याच जेवणाच्या मेजावर वाट्या सांडणारी मला ओळखू आली नाही. हे मी लिहून ठेवतो आहे, बाबांना भीती होती तसंच.

मग तो उलटा केला. तळाला बाबांची खूण आहे. तेवढी एकच उजव्या हाताची, आणि वाकडी. शेवटची रेघ कडेवरून घसरली आहे. अकरा वर्षं मी ती वाकडी रेघ वार्धक्याची म्हणून डोळ्यांना लावली, आणि वरचं सरळ काम त्यांचं म्हणून मिरवलं. त्यांच्या हाताची खरी तेवढी रेघच होती.

गटाला काल लिहिलं. प्रत सोबत जोडली आहे. तुझा माझ्यावर विश्वास नसणार, आणि नसावा. त्यात म्हटलं आहे, की फोटोतला लाकडी ङे आणि बटणावरचा ङे या दोन्हींची घडण लुआ हिचीच आहे. लाकडी ङे वडिलांचा आहे असं वडील कधी म्हणाले नव्हते. त्यांच्या बाकावर सापडला म्हणून मीच तसं ठरवलं. मी हात ओळखण्याचं काम करतो आणि घरातला हात ओळखण्यात चुकलो. चूक सर्वस्वी माझी. आयाळीचे जवळून घेतलेले फोटो जोडले, आणि तुझा पटाशी धरलेला जुना फोटोही, ज्यात तू सोळा वर्षांची आहेस आणि माझ्याकडे बघतेस तशीच कॅमेऱ्याकडे बघते आहेस. तळाचा फोटो जोडलेला नाही. तळ मी कोणालाही दाखवणार नाही.

चालकांनी खुलासा पुरेसा आहे एवढंच कळवलं. लाय बाईंनी मात्र तो सगळ्या संग्रहालयाला वाचून दाखवला. आता मी व्हरांड्यातून जाताना पहारेकरीसुद्धा आपापले हात मागे लपवतात.

याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. अकरा वर्षं तू मला माझ्याच वेदीपुढे मूर्ख होऊ दिलंस. एस्केपच्या बटणावर राखणदार बसवणं मला आजही असभ्य वाटतं. तुझ्या पत्राची भाषाही वाईट आहे, आणि गाईंबद्दल तू जे लिहिलंस ते बरोबर असल्यामुळे जास्तच वाईट आहे.

आता ङेविषयी. वेदीवर गेलेल्यांचं ठेवायचं असतं. माझ्या माहितीप्रमाणे तू हयात आहेस. म्हणून तो मी वेदीवरून कायमचा उतरवला. सध्या माझ्या टेबलावर बसून जबडा फाकून माझ्याकडे बघतो आहे, त्यामुळे माझ्या हातून काम होत नाही. टपालाने धाडणार नाही, कान मोडेल. स्वतः येऊन घेऊन जा.

२१ मार्च, सकाळी दहाला. मामींना मी समजावलेलं नाही, त्या समजत नाहीत. मेज तेवढं फिरवून घेतलं आहे. तुझी खुर्ची डाव्या टोकाला लावली आहे. त्या बाजूला भिंत आहे, वाटी नाही.

लोभाचा निकाल फिरवला आहे. कारणं विचारू नयेत.
तुझा दादा,
किएम