सव्विसावा वाटाणा

मी, लेबरेख्ट फॉन टीमरोडा, वय सेहेचाळीस, अविवाहित, वाल्डेनरोडा संस्थानच्या तोफखान्याचा जनरल, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. खालून माझं जेवणखाण पाहणाऱ्या वालबुर्गाबाई झेंकर "जेवण निवतंय!" असं ओरडत आहेत, तो दबाव धरू नये.

उद्या संत बार्बाराचा दिवस, आम्हा तोफवाल्यांचा सण, आणि युवराजांचं लग्न. महाराजांच्या हुकमाने सव्वीस बार होतील आणि शेवटचा 'जाड मावशी' या आमच्या जुन्या तोफेचा. तिच्या बुडाशी तडा गेला आहे. मी दोनदा लेखी कळवलं. महाराज हसून म्हणाले, "जनरल, तुम्हाला सगळं आधीच कळतं. तुम्ही शेजारी असलात की ती फुटायची नाही!" तेव्हा बत्ती मीच देणार. बाकीचे शंभर पावलं मागे राहतील.

माझं घर, चेरीच्या झाडासह, वालबुर्गाबाईंना द्यावं. त्यांनी तेवीस वर्षं तोफखान्याचे गणवेश शिवले आणि माझ्या पोटाचा वाढता घेर कोणाला सांगितला नाही.

माझी मोजपट्टी, कोनमापक आणि पितळी दुर्बीण सार्जंट प्रुट्झला. अट एकच: तोफ भरण्यापूर्वी नळी डोळ्यांनी पाहायची, वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे नाही. एकोणपन्नास साली श्लेसविगच्या मोहिमेत मी तडा पाहिला होता. कर्नलला जास्त कळत असेल असं समजून गप्प बसलो. तोफ फुटली आणि गोलंदाज राबे गेला. माझी सगळी बचत त्याच्या आईला.

दरबारी श्निटगर यांनी भर मेजवानीत माझ्या तोफखान्याला "लग्नातले फटाके" म्हटलं होतं. त्यांना काही नाही. माझी बासरी मात्र त्यांच्या भिंतीला लागून राहणाऱ्या रोपल भगिनींना. रोज पहाटे वाजवावी. बासरी येत नसली तर उत्तमच.

चांदीच्या डबीतला वाळका वाटाणा युवराजांना. याचा खुलासा करणं भाग आहे.

तेवीस वर्षांपूर्वी मी लेफ्टनंट होतो. राणीसाहेब बाळंत झाल्या. मुलगी झाली तर पंचवीस बार, मुलगा झाला तर एकशे एक, हा आमचा रिवाज. सव्विसावा वाजला की गावाने समजायचं, वारस आला. निरोप आला, मुलगी. बार मोजायला आम्ही उजव्या खिशात वाटाणे घेतो आणि दर बाराला एक डाव्या खिशात टाकतो. मी पंचवीस मोजून घेतले होते. दोनदा. विद्यापीठात गणित शिकलेला माणूस मी! पण आदल्या दिवशीच्या सरावातला एक वाटाणा शिवणीत अडकला होता. तो हाती लागला, मी हात उंचावला आणि सव्विसावा बार झाला.

गावात टोप्या उडाल्या. कोणीतरी बिअरचं पिंप फोडलं. मी मनात माझी सजा ठरवत होतो, तेवढ्यात राजवाड्यातून हुजऱ्या धापा टाकत आला. "थांबू नका! जुळं आहे! दुसरं बाळ मुलगा!"

महाराजांनी मला मिठी मारली. "बापाच्या आधी याला कळलं!" मी कॅप्टन झालो, मग मेजर, मग हा असा. माझी सगळी कारकीर्द त्या वाटाण्याला लागलेलं फळ आहे. रोजनिशीच्या तेवीस वह्यांत "आज सांगायला हवं होतं" हे वाक्य किती वेळा आलं आहे, ते वाचणाऱ्याने मोजावं. माझ्या मोजण्यावर विसंबू नये. माझ्या मृत्यूनंतर हे कलम महाराजांना वाचून दाखवावं.

इथपर्यंत लिहून मी वालबुर्गाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली पळी टेबलावर आपटली.

"मेल्यावर वाचून दाखवायचं? अहो, महाराजांना तुम्ही देवमाणूस वाटता म्हणून तर ते तडा बघत नाहीत! वाटाण्याचं आज सांगा, म्हणजे तड्याचं खरं वाटेल."

"हुद्दा जाईल, बाई."

"जाऊ दे. गणवेश उसवून साधा कोट करून देते. आणि तो खिसा माझ्या हातचा होता, जनरलसाहेब. अठरा वर्षांची होते, तुमच्याकडे बघत शिवला, म्हणून टाका सैल पडला. तेही सांगा."

हे मला आजवर माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही ना?"

"नाही. कायदाच आहे तसा."

त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली आणि खाली सही केली. माझं घर देण्याचं कलम त्यामुळे रद्द झालं. आता ते घर त्यांना द्यायचं तर मला जिवंत राहून, लग्नाचं विचारून, चर्चमध्ये द्यावं लागेल. मी डबी खिशात घालून राजवाड्यावर निघालो आहे. खिसा तपासला. शिवण पक्की आहे.

साक्षीदार:
१. वालबुर्गा झेंकर, शिंपीण. (मला घर नको. उद्या दुपारी वाटाण्याचं सूप आहे, वेळेवर यावं.)
२. हाइनो प्रुट्झ, सार्जंट. (मीही सही केली. दुर्बीण गेली, हरकत नाही.)

सही: लेबरेख्ट फॉन टीमरोडा
वाल्डेनरोडा, ३ डिसेंबर १८६५, दुपारी एक वाजता, जेवण निवलेलं.