दातांनी ऐकलेलं

१२ जानेवारी

चि. सौ. चिऊस,

अ. उ. आ. आणि सोबत एक धपाटा, कारण माझ्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस.

बहिऱ्या मुलांच्या शाळेत मी तुझ्या भिंगरीसाठी शब्द टाकला आहे. जूनमध्ये घेतील. राहायची सोय तिथेच, शिवाय आमचं घर हाकेच्या अंतरावर. वर्षाची असताना पोरीचे कान फुटले, ऐकणं गेलं. तुमच्या दवाखान्यात कानाची शीर मेली म्हणून सांगितलं आणि तुम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलात. आता ती पाच वर्षांची आहे. तुमच्या गावाला धड रस्ता नाही, तिथे तिला शिकवणार कोण? मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेलं नुसतं ठेवून दिलेलं मला बघवत नाही.

वहिनी वाट पाहते आहे. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

२० जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. राग आलाच आहे, तो आधी ऐकून घे.

माझी पोरगी म्हणजे तुझा रेडिओ नव्हे. आणि हाकेच्या अंतरावर काय म्हणतोस! हाक ऐकू आली असती तर हे सगळं कशाला झालं असतं? शाळेचं महत्त्व मला कळतं रे. पण माझा आवाज तिला ठाऊकच नाही. अशी पोर दूर पाठवली तर आईचं काय घेऊन जाईल ती सोबत? दोन फ्रॉक? या एका गोष्टीपाशी मी अडते, म्हणून उत्तर लिहिलं नाही.

आता काल काय झालं ते वाच.

जाळं ओढायला माणूस कमी होता, म्हणून ह्यांच्यासोबत मीही होडीत गेले, भिंगरीला घेऊन. आमचे मामंजी मासे कानानं शोधतात, हे ऐकून तू हसला होतास. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांड्याचं टोक कानाला लावायचं. काही मासे पाण्याखाली गुरगुरतात, ते लाकडातून ऐकू येतं. त्या वेळी होडीत कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही. आजोबांची नक्कल करायला भिंगरीनं दुसरं वल्हं धरलं. पण कानाचं तिला काय कौतुक! तिनं टोक सरळ दातांत पकडलं. मी ते ओढून काढणार, तोच तिचे डोळे एवढाले झाले.

दादा, पोर जागच्या जागी थिजली. मग वल्हं सोडून चहूकडे पाहिलं, पुन्हा दातांत धरलं आणि हसली. ह्यांना वाटलं, लाटेचा हादरा असेल. मामंजींनी मात्र तिला पाठमोरी बसवलं, गुरगुर आली की हात वर करायचा हे खुणेनं दाखवलं आणि स्वतः आपल्या वल्ह्याला कान लावून बसले. त्यांचा हात वर गेला. भिंगरीचाही गेला. खाली आला, पुन्हा वर. दोघांच्या पाठी एकमेकांकडे आणि हात मात्र एकदमच! अरे, समुद्र रोजचाच होता, पण मला त्याच्याकडे बघायची भीती वाटली. जाळं टाकायचं राहूनच गेलं.

हे खरं ना रे? तू आवाजातला माणूस. खोटं असेल तर लगेच कळव, मी आशा धरायच्या आत.

उपदेशासकट लोभ असू दे.

तुझी,
चिऊ

२८ जानेवारी

चि. सौ. चिऊस,

अ. उ. आ. धपाटा मागे घेतो. रेडिओचं बोललो तेही.

पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईकाला तसंच सोडून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी वल्ह्याची हकिगत मला दोनदा सांगायला लावली. म्हणाल्या, दातांतून, हाडातून आवाज आत पोचतोय म्हणजे शीर जिवंत असणार, वाट बाहेरच्या बाजूला बंद आहे. कानामागच्या हाडावर बसवायचं यंत्र मिळतं, त्याचा उपयोग होईल. पण तपासल्याशिवाय त्या शब्द देणार नाहीत, आणि बोलायला शिकायचं तर शाळा लागेलच, असं त्यांनी बजावलं. तेव्हा तुझी अडचण आहे तिथेच आहे. मी तुला फसवणार नाही.

घरी येऊन चमचा दातांत धरला आणि त्याचं दुसरं टोक रेडिओला लावलं. वहिनीला वाटलं, मी कामातून गेलो. मग तिनंही लावून पाहिलं. एवढी वर्षं आवाजावर पोट भरतोय आणि हे मला माहीतच नव्हतं! एकच चमचा आळीपाळीनं धरून आम्ही दोघं खुळ्यासारखे बसलो होतो. लवकर निघा.

तुझा,
दादा

४ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. घाईत लिहितेय.

त्या दिवसापासून भिंगरी घरभर चावत सुटली आहे. दाराची चौकट, खाटेचा पाय, मामंजींची काठी, काही म्हणून सोडत नाही. शिवणयंत्राच्या फळीला दात लावून बसते आणि मी यंत्र थांबवलं की माझ्यावरच डोळे वटारते.

आज दुपारी मी फाटलं जाळं सांधत बसले होते. ती मांडीवर चढली आणि तिनं सरळ माझ्या कपाळाला दात लावले. चांगलेच लागले रे! मी कळवळून ओरडले, "भिंगरे!"

ती दचकून मागे झाली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू पुन्हा कपाळाला दात टेकले आणि थांबली. मी तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. पुढे काय काय बोलले ते तुला सांगत नाही, जन्मभर चिडवशील. कपाळावर वण उठलेत, आवाज पार बसलाय. मामंजी म्हणतात, पुरे कर आता. पण मी गप्प झाले की ती माझी हनुवटी धरून हलवते.

शाळेतली जागा पक्की कर, दादा. आता मला तिला पाठवता येईल.

सोमवारी निघतो. लोभ आहेच. बाकीचं तोंडी सांगेन, आवाज परत आला की.

तुझी,
चिऊ