डस्टरची अट रद्द

मी, खाली सही करणारी, निवृत्त मुख्याध्यापिका, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या भिडेखातर नव्हे तर राजीखुशीने, माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या भावाला तो अपुरा वाटेल, पण त्याला माझे डोके लहानपणापासूनच फिरलेले वाटते, त्याला इलाज नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण पुढे येईल.

१. बँकेतली शिल्लक पुतणीला. माझ्या दुखण्यात तिने सगळे केले आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही. ती वरील धाकट्या भावाचीच मुलगी. खाण तशी माती, हे तिच्यापुरते खोटे ठरले.

२. वडिलांची आरामखुर्ची धाकट्या भावाला. दर भेटीत तो तिच्यावर डोळा ठेवतो, आता पाठही टेकावी. घराची आशा मात्र सोडावी.

३. राहते घर, स्वकष्टार्जित, शाळेला, नव्या शिक्षकांना राहण्यासाठी.

आधीच्या मृत्युपत्रात याला एक अट होती. आमच्या शाळेत वर्ग अडला, मुले जांभया द्यायला लागली, की शिक्षकाने डस्टर दाराच्या कडीला अडकवायचे. ज्याचा तास मोकळा असेल त्याने आत येऊन मागच्या बाकावर बसायचे आणि मुलांसारखे प्रश्न विचारायचे. नंतर शेरा नाही, चर्चा नाही. पहिले डस्टर मीच अडकवले. मुख्याध्यापिकेचाही वर्ग अडतो हे दिसल्याशिवाय दुसरे कोणी धजले नसते. हळूहळू शिक्षक एकमेकांच्या वर्गात हौसेने जायला लागले, मुलेही खुलली. ही पद्धत कायम चालली तरच घर शाळेला, नाहीतर भावाला, अशी ती अट.

आताची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. अट वाचून ती म्हणाली, "बाई, घराची फार गरज आहे. राहायला जागा मिळेना म्हणून माझ्या दोन शिक्षिका सोडून चालल्यात. पण अट असेल तर नको."

"का गं? पद्धत वाईट आहे?"

"चांगली आहे. पण सक्तीनं डस्टर लावायला लागले की लोक मदतीला नाही येणार, तपासणीला येतील."

मला राग आला. हातचे घालवते आहेस, म्हणाले आणि चहाही विचारला नाही.

गेल्या आठवड्यात न कळवता शाळेत गेले. व्हरांड्यात एकाही कडीला डस्टर नव्हते. जन्मभर केले ते पुसले गेले, असे वाटून पाचवीच्या वर्गाबाहेर बसून राहिले. आतून एक मुलगी म्हणाली, "बाई, अपूर्णांक डोक्यातच शिरत नाहीयेत. शेजारच्या सरांना बोलावू?"

"बोलाव की," तिची बाई म्हणाली. "मीही बसते, बघू ते कसं सांगतात."

मुलगी माझ्यासमोरून पळत गेली, सर आले, आणि बाई मुलांत जाऊन बसली. वर्ग अडलाय हे मुलांना आधी कळते, तेव्हा त्यांनाच सांगू द्यावे, हे मला कधी सुचले नव्हते. मी तिथे बसून रडले. इतके हलके मला निवृत्त झाले त्या दिवशीही वाटले नव्हते.

सबब, घर शाळेला, विनाअट. माझी कोणतीही पद्धत चालू ठेवण्याचे बंधन कोणावर नाही.

४. गणिताच्या सरांनी डस्टरला शेवटपर्यंत पोरखेळ म्हटले. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून सरांना आवर्जून साक्षीदार केले आहे.

५. माझ्या मरणाची वाट कोणी बघू नये. पुढच्या दोन खोल्या त्या दोन शिक्षिकांना कालच दिल्या. संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवशीच्या धड्यावरून वाद घालत होत्या. दोघींचेही चुकत होते. मला भिंतीपलीकडून सगळे ऐकू येत होते, आणि मी उठले नाही.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: आजचा, सोमवार, शाळा भरायची वेळ

सही: निवृत्त मुख्याध्यापिका

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार: डॉक्टर
साक्षीदार: गणिताचे सर (कलम चार वाचून, नाइलाजाने)