सुई अर्ध्यावर होती

शनिवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, काळजी करू नकोस. कपाळावरचे टाके निघाले, मनगटाची सूजही उतरली. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिने चढू नको म्हणावं तिला, ऐकणार नाही, पण म्हणावं.

फोन करणार होते. तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. म्हणून हे पत्र. याआधीचे चार कागद फाडून झालेत.

त्या दिवशी वर विमानात काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. जनावरांचे डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते, लसींची पेटी मांडीवर घट्ट धरून. पाऊण तासाचा प्रवास, डोळे मिटून करावा असा. निम्म्या वाटेत धूळ उठली आणि खालचं सगळं गढूळ झालं. मी विमान खाली आणून नदी धरली. नदी सोडली नाही की गाव येतंच, एवढंच डोक्यात. वीस मिनिटं झाली तरी गाव येईना. मग डॉक्टर अगदी संकोचून म्हणाले, "मॅडम, आपल्या नदीवर दोन पूल आहेत ना? मला अजून एकही दिसला नाही."

दादा, मी भलत्याच नदीच्या कडेनं चालले होते.

टॉवरला हाका मारल्या. नुसती खरखर. उंच गेले तर जमीन दिसेना, खाली आले तर रेडिओ लागेना. मागे वळले, मग पुन्हा वळले, आणि आता कुठल्या दिशेला काय आहे हेच मला कळेना. इंधनाची सुई अर्ध्यावर होती. तिच्याकडे बघून मी स्वतःला धीर देत होते. अर्ध्या तासानंतर परत बघितलं, तरी ती अर्ध्यावरच.

"अजून किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा मिनिटं," मी म्हणाले. कसली दहा मिनिटं, कुणाला ठाऊक.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला. ती शांतता मी तुला सांगू शकत नाही. अजूनही घरात स्वयंपाकघरातला नळ थोडा सोडून ठेवते, काहीतरी वाजत राहावं म्हणून. समोर नांगरलेलं शेत आलं, तिथे टेकवलं. पुढचं चाक मोडलं, माझं डोकं आपटलं. डॉक्टर उतरले, पेटी उघडून एकेक बाटली तपासली, सगळ्या धड होत्या. मग बांधावर बसून ओकले.

इथवर सगळं मी सगळ्यांना सांगितलं आहे. पुढचं कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी चौकशीच्या खोलीत साहेबांनी विचारलं, "निघताना टाकी कुणी तपासली?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मेकॅनिकनं सांगितलं, इंधन पुरेसं आहे." मला ते बोलायचं नव्हतं. मी ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकलं. तू दाराशी उभा होतास, माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन. मला वाटलं, आता तू मला खोटं पाडशील. मनातून मला तेच हवं होतं.

तू माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे बघितलंस आणि म्हणालास, "हो साहेब. मी सांगितलं होतं."

विमान पडताना मी इतकी हादरले नव्हते, दादा.

तू काय सांगितलं होतंस ते मला शब्द न् शब्द आठवतं. हात पुसत म्हणालास, "सुई अडकते आहे, तिच्यावर जाऊ नकोस. काठी घालून टाकी बघ. कमी असेल तर भरून घे." मला उशीर झाला होता. टाकीपर्यंत चढायची शिडी हँगरच्या दुसऱ्या टोकाला होती. मी म्हणाले, "बघितलं रे, भरपूर आहे." मी बघितलंच नव्हतं. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास, एवढीच तुझी चूक.

आणि तीन आठवडे तू घरी बसला आहेस. बावीस वर्षांत ज्याच्या हाताखालून एक विमान बिघडलेलं गेलं नाही, तो.

काल सकाळी मी साहेबांकडे गेले. नवीन जबानी लिहून दिली, वर सांगितलं तसं सगळं. त्यांनी वाचून चष्मा काढला.

"घाबरून केलेला विचार नाही ना हा? परवाना जाईल तुमचा."

"घाबरून केलेलं ते पहिलं होतं," मी म्हणाले, आणि परवाना टेबलावर ठेवला.

सोमवारपर्यंत तुला कामावर रुजू होण्याचं पत्र मिळेल. पुढच्या महिन्यात माझी सुनावणी आहे. तू येऊन माझ्या बाजूनं काही बोलू नकोस. तुझी शपथ घालत नाही, विनवते.

वहिनीला हे पत्र वाचायला दे. तिला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही, ते बरोबरच आहे.

शेवटी लिहिणार होते, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण तेही खोटंच झालं असतं.

वाट बघते आहे.

तुझी,
ठमी