डाव्या कानाचं माप

३ फेब्रुवारी, मंगळवार
काल मोहोळला हळदीचा कार्यक्रम. दुसऱ्याच गाण्यात माझा सूर चढा गेला. मला स्वतःला कळलं नाही, हे जास्त वाईट. कळलं ते मिक्सरवर बसलेल्या इरफानच्या तोंडाकडं बघून. इतकी वर्षं त्याच्यासमोर गातेय, त्याच्या भुवया मला वाचता येतात.
येताना गाडीत दिलीपदादा एक शब्द बोलले नाहीत. गाण्याचा ग्रुप त्यांचा. राग आला की ते गप्प बसतात. उतरताना एवढंच, "वैशाली, एकदा कान तपासून घे की."
घेते तपासून. काही निघालं नाही तर मग काय म्हणतात तेही ऐकते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
डोक्यातून जात नाही म्हणून मागं जाऊन आठवलं. दिवाळीआधी मला कुणीही सूर गेला म्हणालं नव्हतं. तेव्हा पायाशी स्पीकर असायचा, त्यातून आपलं आपल्याला ऐकू यायचं. दिवाळीनंतर दादांनी सगळ्यांना कानात घालायचे इन-इअर आणले. आता ढोलकी, ट्रॅक, स्वतःचा आवाज, सगळं कानातच. टोकाला रबर असतं ते सगळ्यांना एकाच मापाचं लावून दिलं, मधलं. बाकीची मापं कुठल्या खोक्यात गेली देव जाणे.
माझ्या डाव्या कानात सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. म्हणून आवाज वाढवायला सांगते. मग बाहेरचा गोंगाट आणि आतला गोंगाट, दोन्ही. कार्यक्रम संपला की डोकं भणभणतं.
दादांना सांगितलं होतं तेव्हाच. "सवय होईल."

७ फेब्रुवारी, शनिवार
कानाच्या डॉक्टरकडं. काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. सगळे ऐकू आले.
डॉक्टर म्हणाल्या, "ऐकणं उत्तम आहे. डावी नळी जरा अरुंद आहे आणि वाकडी. जन्मापासूनच असणार. त्यानं काही बिघडत नाही."
नवरा, संजय, चिंचोळीच्या कारखान्यातली शिफ्ट करून थेट आला होता, बाहेर बाकावर झोपला होता. उठवलं. कान चांगलेत म्हटलं.
"मग बिघडलंय काय?"
तेच तर.

८ फेब्रुवारी, रविवार
विहाराच्या मागच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. दादांना डॉक्टरांचं सांगितलं.
"कान चांगले असतील. मग वय असंल. त्याला कुणाचा इलाज हाय?"
त्रेचाळीस. माझी आई साठीत पाळणे म्हणायची, गल्ली थांबायची.
मग मुद्द्यावर आले. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांना कॉलेजातली एक मुलगी येणार, स्नेहा. मुख्य गाणी ती म्हणणार. "तू कोरस सांभाळ. कोरसला जाणती बाई लागतेच."
कोरसला उभी राहणार नाही, तिथंच सांगितलं. आवाज चढवला नाही.
"मग बस घरी."
घरी पण बसणार नाही म्हटलं. हॉल दादांचा नाही, वस्तीचा आहे.
चालत आले. पाय तापले होते की डोकं, कळेना.

११ फेब्रुवारी, बुधवार
गेले प्रॅ.ला. मागं खुर्ची टाकून बसले आणि माझे इन-इअर कानात घातले. काढून घ्यायला कुणी आलं नाही.
इरफानला ढोलकीचा ट्रॅक सोडायला सांगितला. डाव्या कानात नेहमीचा पत्रा. वैतागून बोटानं रबर आत दाबलं, आणि ढोलकीचा घुम आला. पूर्ण. बोट काढलं, गेला. दाबलं, आला.
मग एक गोष्ट अजून. बोट दाबून धरून "आ" लावला. तोंड उघडल्याबरोबर घुम पळाला. जबडा उघडला की कानाची नळीही हलते, बोट लावलं तर आपल्यालाच लागते हाताला. माझ्या त्या वाकड्या नळीत मधलं रबर नीट बसतच नाही, कडेला फट राहते. तोंड उघडलं की फट मोठी. बेस त्या फटीतून जातो आणि उरतं ते नुसतं किरकिरं. खालचा सूर ऐकू आला नाही की मी गळा ताणते. ताणला की चढते.
म्हणजे एवढे दिवस मी अर्धं गाणं ऐकून पूर्ण गात होते.
वय म्हणे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
नवी पेठ. मोबाइलच्या सामानाचं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसरा रस्त्यावर.
"ताई, कानात घालून बघायचं न्हाय. कानातलं मी परत घेत न्हाय."
"मग माप कसं कळणार?"
"मीडियम घ्या. सगळ्यांना बसतं."
"सगळ्यांत मी बसत नाही."
तो हसला. मग सगळ्या मापांचं मिळून एक पाकीट काढलं, त्यात दोन मजली छत्रीसारखंही होतं एक.
घरी आल्या आल्या सुरू. उजव्याला मधलंच बरोबर. डाव्याला लहान घातलं, छान बसलं, बेस आला. पण दोन ओळी गाऊन घाम आला तसं घसरून खांद्यावर.
दोन मजली घातलं. पक्कं. हलत नाही. पण स्वतःचा आवाज विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला, आणि थोड्या वेळानं आत ठणका. काढलं तर रबर सुटताना च्च असा आवाज आला, डोळ्यांत पाणी.
संजय म्हणाला, "एवढ्याशा रबरासाठी कान फोडून घेशील."
कान माझाच आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
ऑनलाइन मागवलेलं फोमचं आलं. स्पंजासारखं. बोटांत दाबून बारीक करायचं, कानात सारायचं आणि बोट लावून धरायचं. ते आत हळूहळू फुगतं आणि नळीचा आकार घेतं. वाकडी तर वाकडी.
टोचत नाही. तासभर घालून भाकऱ्या केल्या, आहे हे विसरले.
बेस सगळा. "आ" लावला, तोंड पूर्ण उघडलं, तरी बेस जागच्या जागी. स्वयंपाकघरात उभी राहून तोच "आ" परत परत लावला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, बरी हायस ना गं. बरी आहे म्हटलं. लई दिवसांनी.
एक आहे. वरचं सगळं जरा दबतं. झांजांवर शाल टाकल्यासारखं. आणि स्वतःचा आवाज थोडा घुमतोच, पण दोन मजलीइतका नाही, सोसतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
इरफानला फोमचं सांगितलं. डाव्या कानातले वरचे सूर थोडे उचल म्हटलं.
"रुको आपा, देखतूं."
उचलले. शाल उतरली. बाकी आवाज मात्र कमी करायला लावला, त्याला खरं वाटेना. दिवाळीपासून मी नुसतं वाढव वाढव करत होते. आता बाहेरचा गोंगाट आत येत नाही, मग ओरडून ऐकायचं कशाला?
मोहोळला घसरलं तेच गाणं म्हटलं. डोळे मिटून. उघडले तेव्हा इरफान खाली बघत बटणं पुसत होता. भुवया जागेवर.
त्यानं रेकॉर्ड केलंय. दादांना पाठव म्हणाला. नको. समोर उभी राहून ऐकवीन.
संजयनं आरशात दाखवलं, उजव्या कानात काळं रबर, डाव्यात लाल फोम. "लोक हसतील की."
लोक कानात बघायला येतात का?

२६ फेब्रुवारी, गुरुवार
स्नेहा आली. वीस-एकवीसची. आवाज खणखणीत, खोटं का लिहू. मला "मावशी" म्हणाली. बरं.
पण दुसऱ्या कडव्यापासून उतरायला लागली. सारखा हात कानाकडं. एकदा उजवा इन-इअर काढलाच, कान लालभडक. दादांनी तिथूनच सांगितलं, "काढायचं न्हाय. सवय कर."
बारीक चणीची पोर, कान चिमणीएवढे. त्यात ते मधलं रबर कोंबलेलं. दुखतं म्हणून ती अर्धं बाहेर ठेवते, अर्धं बाहेर म्हणजे परत पत्रा. मी ताणून चढायचे, ती दुखून उतरते. मला एका गाण्यात कळलं.
बोलले नाही. घरी आले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
संजयला सांगितलं. तो म्हणाला, गप्प बस. चार प्रॅ.त ती स्वतःच पळंल, दादा तुला बोलवायला घरी येतील. "तुला कुणी सांगितलं होतं का रबराचं?"
नव्हतं सांगितलं. म्हणूनच. मला वय म्हणाले, तिला उद्या नाजूक म्हणतील. मला जागा पाहिजे, पण तिचा कान सुजवून नको. मी तिच्यापेक्षा बरी गाते की नाही, ते दोघींना नीट ऐकू येत असताना ठरू दे.
संजय म्हणाला, "तू लई हट्टी."
लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कळलं होय?

३ मार्च, मंगळवार
स्नेहाला बाजूला घेतलं. पाकिटातलं सगळ्यांत लहान रबर, कोरं होतं, तिच्या इन-इअरला चढवून दिलं. कान वरून मागं ओढून कसं घालायचं ते दाखवलं.
तिनं मुखडा घेतला आणि हॉलमधली कुजबुज थांबली. उतरली नाही कुठंच. हेवा वाटला, पण चांगलं होतं ते गाणं.
दादा खूश. "बघ, झाली का न्हाय सवय?"
स्नेहा म्हणाली, "सवय नाही झाली, दादा. मावशींनी रबर बदललं."
दादांनी माझ्याकडं बघितलं. "रबरानं कुटं सूर लागतो का?"
"लागत नाही. ऐकू येतो. ऐकू आला तर लावता येतो. आता मी म्हणते."
"वैशाली, ठरलंय ते."
"ठरू द्या. ऐका फक्त."
इरफाननं विचारलं नाही कुणाला, ट्रॅक सोडला. म्हटलं. पूर्ण म्हटलं, वरची जागा दोनदा घेतली, गरज नसताना.
दादा रागावले नाहीत. मग म्हणाले, "झालं चांगलं." आणि मग, "पण फलकावर तिचा फोटो गेलाय छापायला. लोकांना समोर तरुण चेहरा लागतो. तू समजून घे की."
म्हणजे कान नव्हता. गळाही नव्हता.
दादांनीच मला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं. सासरी भांडून घेऊन गेले होते. त्याच माणसानं आज समजून घे म्हणावं.
नाही घेत समजून.

८ मार्च, रविवार
स्नेहा घरी आली. चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाली. बराच वेळ कपाशी खेळत बसली.
"मावशी, मला ती गाणी पाहिजेत. मी सोडणार नाही. तुम्ही रबर दिलं म्हणून सोडावीत असं वाटत असेल तर…"
"सोड म्हणाले का मी?"
"नाही."
"मलाही पाहिजेत."
मग हसली पोरगी. मीही. रडवेलं तोंड करून त्याग करायला आली असती तर मला आवडली नसती. जाताना विचारलं तिनं, फोमचं आपल्यालाही चालेल का? म्हटलं, तुझ्या कानाला लहान रबर पुरतं, दुखत नसेल तर उगीच बदलू नको. दुसऱ्याचं माप आपल्याला कशाला.

१२ मार्च, गुरुवार
ऊन चढलं. दुपारी हॉलमधला पंखा गरम हवाच ढकलतो. फोम घामानं भिजून भिजून निबर झाला, दाबला तर फुगतच नाही नीट. आज मधेच घुम गेला, लगेच ओळखलं, थांबले, पुसून परत घातला. पूर्वी असते तर गळा ताणत बसले असते.
नवीन जोड मागवले. एप्रिलच्या घामात एक जोड दोन कार्यक्रमही काढणार नाही बहुतेक. न काढू दे. पुढचा घालीन.

१५ मार्च, रविवार
आज सगळ्यांसमोर दादांना सांगितलं. जयंतीला मी येणार. कोरसच्या रांगेत नाही, पुढं, स्नेहाच्या बाजूला. गाणी कशी वाटायची ते तुम्ही ठरवा, एकही नाही दिलं तरी मी पुढंच उभी असणार, इन-इअर घालून, माईक हातात घेऊन.
"माईक बंद ठेवला तर?"
"ठेवा."
इरफान म्हणाला, "मेरेकु बीच में मत डालो आपा." पण हसत होता.
स्नेहा बाजूला माणूस उभा राहील एवढी सरकली.
दादा खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "पहिल्यापासून घ्या," एवढंच.
मी फोम बोटांत दाबला, कानात घातला, फुगेपर्यंत धरून ठेवला.