मुकारोंचे मालक

६ जानेवारी २०११
आज तीन राजांचा सण. मुलांना खेळणी मिळाली, मला टीम मिळाली. आमच्या पेन्या ओंदा गावाच्या बास्केटबॉल टीमचा, म्हणजे मुकारोंचा, मी एरीबेर्तो कीलेस आजपासून मालक. मुकारो म्हणजे आमच्या डोंगरातलं घुबड. त्याला अंधारात दिसतं म्हणतात. आमच्या खेळाडूंना लख्ख उजेडातही रिंग दिसत नाही, पण आता दिसेल. हार्डवेअरच्या दुकानदाराकडे लोक खिळे मागतात. टीमच्या मालकाला मान देतात. मला तो मान हवा आहे, इथे लिहायला काय हरकत.
ब्रुनिल्दा म्हणाली, एरी, तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं? बायको असली तरी शंका काढायला काही वेळकाळ असतो.
संकल्प: यंदा प्लेऑफ, पुढच्या वर्षी फायनल, तिसऱ्या वर्षी कप.

१९ मार्च
पहिली मॅच हरलो. फरक किरकोळ. स्टेडियमचं छत गळलं, खेळ थांबवून फरशी पुसावी लागली, त्यात आमची लय गेली. लय आधी कुठे होती, असं कॅप्टन यामील पुटपुटला. हा यामील गावातलाच, शाळेत पीटी शिकवतो, वय चौतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. लोक त्याला टीमचा जीव मानतात. पुढच्या वर्षी त्याला काढीन म्हणतो.

२ मे
कोच बदलला.

२३ मे
कोच बदलला. आधीचा फार शांत होता. हरताना शांत राहणं मला पटत नाही.

९ जून
पहिल्याच कोचला परत बोलावलं. यात कमीपणा नाही. बेकरीवाल्या लुसीलाबाई पाव बांधताना म्हणाल्या, मालक, आमच्याकडे शिळा माल परत घेत नाहीत हो. रांग हसली. मीही हसलो. घरी पोचेपर्यंत कान तापलेले होते.

३० जुलै
सीझन संपला. शेवटचा नंबर. पाया भक्कम होतोय.

६ जानेवारी २०१२
संकल्प: कोचच्या कामात लुडबुड नाही. रेफरीशी हुज्जत नाही. बेकरीत जायचं, तेही मान वर करून.

१२ मार्च
माझे भागीदार, दातांचे डॉक्टर ओकेन्दो, बाहेर पडले. म्हणाले, पेशंटने आ केला की आधी टीमवरच बोलतो, मला आत आरसासुद्धा घालता येत नाही. बरं झालं. आता निर्णय झटपट होतील.

१३ मार्च
झटपट निर्णय: हिरवी जर्सी बंद, सोनेरी चालू. एक अमेरिकन खेळाडू मागवला. व्हिडिओत ताडमाड दिसतो.

४ एप्रिल
अमेरिकन उतरला. विमानतळावर मी त्याच्याहून उंच होतो. व्हिडिओत त्याच्यासमोर कोण खेळत होतं, हे विचारायला हवं होतं. सोनेरी रंग पहिल्याच धुण्यात गेला. प्रेक्षकांत कोणीतरी ओरडलं, पिवळी घुबडं पहिल्यांदाच बघतोय!

१७ मे
हल्ली पाव शेजारच्या गावाहून आणतो, साबाना ब्लांकाहून. तिथला जास्त खरपूस असतो. ब्रुनिल्दा म्हणाली, पाव तोच आहे, एरी, फक्त तोंड लपवायचं भाडं जास्त पडतं.

२४ मे
साबाना ब्लांकाच्या बेकरीवाल्याने मला ओळखलं. काउंटर ओलांडून बाहेर आला, मिठी मारली. म्हणाला, तुम्ही यंदा दोन्ही मॅच आम्हाला दिल्यात, तुमच्याकडून कॉफीचे पैसे घेतले तर मला पाप लागेल. कॉफी प्यायलो. आता पाव खाणंच कमी करावं. पोटही सुटलंय.

१४ जून
लायक कोच उरले नाहीत. आजपासून मीच.

२१ जून
लिहू नये असं वाटतं. मॅच आम्ही जिंकलीच होती. एका गुणाने पुढे, संपायला काही सेकंद. समोरच्याने शॉट मारला, यामीलने तो हवेतच अडवला, आणि मला राहवलं नाही. मी कोर्टात धावत गेलो आणि त्याला मिठी मारली. घड्याळ चालू होतं. टेक्निकल फाउल, त्यांना एक फ्री थ्रो, बरोबरी, जादा वेळ, हार. माझ्या शर्टाला यामीलचा घाम लागला होता, तो पुसायला त्याने टॉवेल दिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मागच्या दाराने बाहेर पडलो. गाडीत बसून राहिलो, किल्ली फिरवायचं सुचेना. लाज वाटली. फार वाटली.
रेफरीनेही थोडं मन मोठं करायला हवं होतं.

६ जानेवारी २०१३
संकल्प एकच. माझ्यावाचून ही टीम उभी राहू शकत नाही, हे गावाला कळलं पाहिजे.

२९ एप्रिल
स्टेडियम रिकामं. शेंगदाणेवालासुद्धा हाफटाइमला घरी गेला. लीगने कळवलं, सीझन संपेपर्यंत लोक आले नाहीत तर पेन्या ओंदाची टीम बंद. महापौर नेरेइदाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, एरीबेर्तो, लोक टीमवर रागावलेले नाहीत हो. मग कोणावर, असं मी विचारलं. लाइन कट झाली असावी.

५ जून
उपाय सापडला. रेडिओवर जाऊन सांगायचं, मी टीम सोडतो. गाव हादरेल. माणसं दाराशी येतील, विनवण्या करतील. दोनदा नाही म्हणायचं, मग डोळे पुसत हो. ब्रुनिल्दाने विचारलं, आणि आलंच नाही कोणी तर? हिला माणसांची पारखच नाही.

८ जून, सकाळ
बोललो. आवाज मुद्दाम जरा कापरा ठेवला. टीम गावाच्या हवाली करतो, मी थकलो, वगैरे. तेवढ्यात नेरेइदाबाईंचा फोन थेट कार्यक्रमातच आला. म्हणाल्या, गावाच्या वतीने स्वीकारलं, मनापासून आभार. फार उतावळी बाई. लोकच आता तिला गप्प करतील.

८ जून, संध्याकाळ
हॉर्न वाजतायत! गाड्यांची रांग चर्चपासून आमच्या चढापर्यंत. ढोल, खंजिऱ्या, झेंडे. अशी मिरवणूक आमच्याकडे कप जिंकला तरच निघते, आणि पेन्या ओंदात ती मी लहानपणी एकदाच पाहिली. सगळं गाव माझ्या दाराशी येतंय. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. भाषण खिशात. बाल्कनीत जातो.

८ जून, नंतर
हात वर केला. ठीक आहे, राहतो, असं म्हणालोसुद्धा. हॉर्नच्या आवाजात कोणालाच ऐकू गेलं नाही, हे देवाचे उपकार. खालून सगळे ओरडत होते, थँक्यू मालक! टिंगल नव्हती. म्हातारी माणसं टोपी काढत होती. लुसीलाबाईंनी गरम पाव वर फेकला, मी झेलला. तीन वर्षांत माझ्याकडे कोणी इतक्या मायेने पाहिलं नव्हतं. शिव्या आल्या असत्या तर निभावून नेल्या असत्या.
तिसऱ्या गाडीत ब्रुनिल्दा होती. हॉर्न तीच वाजवत होती.
घरी आल्यावर म्हणाली, एरी, आज बायका माझ्याशी पहिल्यासारख्या बोलल्या रे. मग चपला काढल्या आणि विचारलं, जेवलास का. नाही म्हणालो. तिने भात आणि शेंगांची आमटी गरम केली. मी मान खाली घालून जेवलो.

२२ जून
आज नव्या व्यवस्थेची पहिली मॅच. कोच यामील. तिकीट काढून गेलो. रांगेत लोकांनी स्वतःहून मला पुढे घेतलं. वरच्या बाजूला एका खांबाआड जागा मिळाली, बाकी स्टेडियम गच्च.
तीसहून जास्त गुणांनी हरलो. माझ्या काळात एवढा मार कधीच खाल्ला नव्हता. जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आता शिट्ट्या वाजतील, बाटल्या पडतील, कोणीतरी माझी आठवण काढेल म्हणून वाट पाहत बसलो.
बजर वाजला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या. ढोल. यामीलच्या नावाचा गजर. पोरं कोर्टात धावली, आणि या वेळी घड्याळ थांबलेलं होतं. म्हणजे हरण्याची लाज या गावाला कधी वाटलीच नव्हती. माझी वाटत होती.
मी एकटाच बसून होतो. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. म्हणाली, उठा की हो एरीबेर्तो, आपलीच टीम आहे.
उठलो. टाळ्या वाजवल्या. बघायचं कुठे ते कळेना.