टोपी की नळी

सोमवार, ४ ऑगस्ट
नळी नको, मास्कच! ठरलं.

हिच्या छातीतली गाठ गुरुवारी काढायची. सुईने तपासून झालंय, साधी निघाली. गाठीची भीती नाही, भीती बेहोशीची. पूर्ण झोपवल्यावर श्वासाची सोय बाहेरून करावी लागते. बेहोशीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. मी आठवी नापास, पण पाणीखात्यात अडतीस वर्षं नळ जोडलेत. पाहताक्षणी समजलं. मास्क म्हणजे टोपी — घशात श्वासनळीच्या तोंडावर बसते, आत शिरत नाही. नळी मात्र स्वरपडद्यांमधून थेट श्वासनळीत जाते, आणि आत तिचा फुगा फुगवून जागा घट्ट बंद करतात.

"नली से कुछ दिन गला बैठ सकता है, बाबूजी. कभी-कभार दाँत को भी चोट लग जाती है. मास्क में तकलीफ कम." मी तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं बिचारीने.

हिने लगेच टोपीवर बोट ठेवलं. चतुर्थी एकोणतीसला! इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दहाही दिवस पदं हीच म्हणते, सत्तावीस वर्षं झाली.

मंगळवार, ५
बाईंनी काल आणखी एक विचारलं होतं — "खट्टा पानी ऊपर आता है? जलन?" ही म्हणाली, "नहीं जी, कभी नहीं."

कभी नहीं! रोज आडवी झाली की उठून बसते. आंबट पाणी घशाशी येतं. दोन उशांशिवाय झोपत नाही. घरी आल्यावर विचारलं, तर — "अहो, सांगितलं असतं तर नळी घातली असती. तुम्ही गप्प बसायचं. माझ्या गळ्याची शपथ!"

बसलो गप्प. एवढ्याशा पाण्याने काय होतंय!

बुधवार, ६
होतंय. सकाळपासून डोक्यात तेच. खालून पाणी उलटं आलं तर वरून बसवलेली टोपी काय अडवणार? अन्ननळीचं तोंड शेजारीच. आलेलं टोपीखालून सरळ फुफ्फुसात! झोपलेल्या माणसाला खोकताही येत नाही. म्हणून तर उद्या उपाशीपोटी बोलावलंय, पाण्याचा घोटसुद्धा नको म्हणाल्या. पण हिचं पोट स्वतःच आंबट पाणी वर फेकतं, त्याचं काय? तिथे फुगाच हवा. आमच्या कामातलं पॅकिंग.

हिला समजावलं. "माझा गळा म्हणजे तुमच्या खात्याचा नळ नव्हे!"

आमचा जनार्दन हसला — "बाबा, डॉक्टर को डॉक्टरी करने दो ना." अरे, पोरा, डॉक्टरला खरं कळलं तर करील ना!

गुरुवार, ७
सांगून टाकलं. हिला आत नेत होते, तिथेच व्हरांड्यात बाईंना गाठलं. बाईंचा चेहरा बदलला. "अच्छा किया, बाबूजी. अब ट्यूब ही डालेंगे."

हिने ऐकलं. ढकलगाडीवरून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, तसं कधी पाहिलं नव्हतं.

दीड तास. सगळं नीट. शुद्धीवर आली!

शुक्रवार, ८
आवाज घोगरा. पाणी गिळताना तोंड वाकडं करते. जनार्दनशी दोन शब्द बोलली. माझ्याशी एकही नाही.

सोमवार, ११
घरी आणली. मी चहा करून नेला, तर तोंड भिंतीकडे. गोळ्यांच्या वेळा मी मोठ्याने वाचतो, ती हात पुढे करते. बस.

मी बरोबरच केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन!

शनिवार, १६
घोगरेपणा बराच कमी. वेणी घालताना गुणगुणत होती — सूर लागला! मी दारात दिसलो तशी थांबली. शपथ मोडली त्याचा राग. असू दे. रागावायला ती आहे ना!

गुरुवार, २१
आज आपण होऊन बोलली. डाळ निवडत होती, मान वर केली नाही.

"त्या दिवशी पहाटे छातीत नुसती आग पडली होती. तुम्ही अंघोळीला गेलात, तेव्हा मी पेलाभर दूध प्यायले. बाईंनी विचारलं तर म्हणाले, काही घेतलं नाही. चौदा दिवस तुमच्याकडे बघायची लाज वाटत होती मला."